पांढरा कार्डस्टॉक निवडताना: ४० कार्डांच्या कामाच्या नोंदी

दिवस १

काम असे: एकाच ठशाची ४० घडीची कार्डे, घडी मिटल्यावर ए६. त्यातली १६ अल्कोहोल मार्करने रंगवायची, १२ जलरंगाने, १२ रंगीत पेन्सिलने. प्रत्येक कार्डाचे दोन भाग. एक घडीचा पाया आणि त्यावर चिकटवायचा ९५ × १३८ मिमीचा दर्शनी तुकडा, म्हणजे चहूबाजूंनी साधारण ५ मिमी पांढरी कड सुटते. एका ए४ मधून दोन पाये निघतात किंवा चार तुकडे. त्या हिशेबाने पायांना २० शीट, तुकड्यांना १०.

बेत एकाच कागदात सगळे उरकण्याचा. कुठला ते ठरवण्यासाठी सहा नमुने घेतले. क हा ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन), गुळगुळीत, कोटिंग नसलेला. ख त्याच पोताचा पण २१६ जीएसएमचा, पाकिटावर ८० पौंड कव्हर लिहिलेला. ग च्या पाकिटावर नुसतेच ‘११० पौंड’. घ अल्कोहोल मार्करसाठीच बनवलेला, २५० जीएसएम. च जलरंगाचा ३०० जीएसएम हॉट प्रेस, म्हणजे गरम दाबून गुळगुळीत केलेला. छ दोन्ही बाजूंनी चकचकीत आर्ट कार्ड, तेही ३००.

पहिली चूक पहिल्याच तासात. चाचणीसाठी तुकडे कापले, अक्षरे मात्र फक्त मूळ शीटवर होती. टेबलावर पंचवीसेक पांढरे चौकोन आणि कुठला कुणाचा याचा पत्ता नाही. क आणि ख जाडीवरून ओळखता आले, बाकी टाकले. आता नियम: कापण्याआधी, जिथे जिथे तुकडा पडणार तिथे पाठीवर पेन्सिलने अक्षर आणि एक बाण. बाण शीटच्या लांब बाजूकडे. बाणाचा उपयोग सातव्या दिवशी कळला, तोवर तो उगीच वाटत होता.

दिवस २

ग हातात घेतल्यावरच शंका आली. ११० पौंड म्हणजे ३०० जीएसएमच्या आसपास असे धरले होते, पण हा तर ख पेक्षाही लुसलुशीत. वजन केले. ए४ चे क्षेत्रफळ चौरस मीटरचा सोळावा भाग असते, म्हणून १६ शीट काट्यावर ठेवली की जितके ग्रॅम भरतील तितकाच जीएसएम. अमेरिकी लेटर आकाराचे कागद असतील तर १० शीटच्या वजनाला १.६६ ने गुणायचे. ग लेटर आकाराचा होता. १० शीट १२० ग्रॅम, म्हणजे १९९ जीएसएम.

घोळ पौंडात आहे. पौंडाचा आकडा म्हणजे त्या प्रकारच्या मूळ आकाराच्या ५०० शीटचे वजन, आणि मूळ आकार प्रकारागणिक वेगळा. ‘कव्हर’ आणि ‘इंडेक्स’ हे जाड कागदाचे दोन प्रकार. कव्हरचा २० × २६ इंच, इंडेक्सचा २५.५ × ३०.५ इंच. त्यामुळे ११० पौंड कव्हर सुमारे २९८ जीएसएम होतो आणि ११० पौंड इंडेक्स १९९. जलरंगाच्या कागदाचा मूळ आकार २२ × ३० इंच, म्हणून तिथे ३०० जीएसएमला १४० पौंड म्हणतात. पाकिटावर ‘कव्हर’ की ‘इंडेक्स’ हे लिहिलेले नसेल तर पौंडाचा आकडा वाचूच नये. पायासाठी ग बाद.

क आणि छ दोन्ही ३००, तरी छ बोटांना पातळ लागतो. कोटिंगमधली माती जड असते आणि कागद दाबून सपाट केलेला असतो, म्हणून तेवढ्याच वजनात जाडी कमी. कार्ड उभे राहील का, हे वजनावरून नव्हे, वाकवून पाहावे.

दिवस ३

ठसा पारदर्शक फोटोपॉलिमरचा (मऊ प्लास्टिकसारखा पदार्थ), नवा. काळी डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) लावून सहाही कागदांवर मारला. सगळीकडे रेघा तुटक, मध्ये मध्ये शाईचे थेंब जमलेले. दीड तास कागद बदलत, दाब बदलत घालवला. दोष कागदाचा नव्हताच. नव्या फोटोपॉलिमरवर तेलकट साय असते, तिच्यावर शाई बसत नाही. पांढऱ्या खोडरबराने ठशाचा पृष्ठभाग हलक्या हाताने घासला, पुसला, खाली पातळ फोमची चटई घेतली, आणि पुढचाच ठसा स्वच्छ. सहाच्या सहा कागदांवर हुबेहूब एकच खोट दिसली तेव्हाच हे कळायला हवे होते.

मग खरी चाचणी. क आणि ख वर रेघ काटेकोर. ग वर शाई फुटली: भिंगातून पाहिले तर रेघेच्या कडेने केसासारखे तंतू काळे झालेले. कागदाला दिलेली खळ, म्हणजे साइझिंग, कमी पडली की असे होते. कागद टीपकागदासारखा वागू लागतो. छ वर रेघ सगळ्यात सुबक, पण वीस मिनिटांनी बोट फिरवले तर अर्धी रेघ बोटाला. पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) तर छ वर दुसऱ्या दिवशी सकाळीही सरकत होती. छ इथेच सोडला. आर्ट कार्ड छपाईच्या यंत्रासाठी चांगले, हातठशाला नाही.

ख च्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक किंचित खरखरीत, तिच्यावर भरीव ठशात बारीक पांढरे ठिपके राहतात. डोळ्याला फरक दिसत नाही. शीट खिडकीसमोर तिरपे धरले, प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला, की दिसतो. गुळगुळीत बाजूला कोपऱ्यात खूण करून ठेवली.

दिवस ४

अल्कोहोल मार्कर. चाचणी एकच ठेवली: २ सेमीचा चौकोन, आत रेघेच्या १ मिमी अलीकडेपर्यंत रंग, तीन थर, आणि दहा मिनिटांनी रंग कुठवर गेला ते पाहायचे. दहा मिनिटे थांबणे गरजेचे आहे, कारण रंग भरून झाल्यावरही आतल्या आत सरकत राहतो.

घ वर रंग रेघेच्या आत राहिला. दोन छटा एकमेकींत मिसळायला भरपूर वेळ मिळाला. ख वर तिसऱ्या थराला रंग रेघेला टेकला आणि थांबला. चालण्यासारखे, पण कडेला हात आखडता घ्यावा लागतो. क चे वागणे ख सारखेच, फक्त जाड असल्याने शाई जास्त पितो आणि मार्कर लवकर कोरडा पडतो. ग वर रंग २ मिमी बाहेर. च ने निब खरवडली आणि रंग मंद दिसला, जलरंगाच्या कागदावर मार्कर वापरूच नये. छ आधीच सोडला होता, तरी गंमत म्हणून पाहिला: रंग वर तरंगतो, दुसरा थर पहिल्याला उचलून नेतो, पट्टे पडतात.

पाठीमागे रंग उतरणे हा दोष नाही. अल्कोहोल मार्कर चांगल्या कागदातूनही मागे जातो, तिथे नुसती रद्दी ठेवायची. दोष पाहायचा तो बाजूला पसरण्याचा.

इथे एक तुकडा वाया गेला तो शाईच्या घाईने. घ चा पृष्ठभाग शाई सावकाश शोषतो. ठसा मारून दोनच मिनिटांत फिकट पिवळा फिरवला आणि बाह्यरेषेतून राखाडी ओघळ निघाला, शिवाय पिवळ्या निबला काळे लागले. मेमेंटोसारखी डाय शाई अल्कोहोल मार्करखाली टिकते, पण वाळल्यावर. पंधरा मिनिटे थांबा, किंवा हीट गन दुरून काही सेकंद. सॉल्व्हंटवर चालणारी शाई मात्र कितीही वाळू द्या, मार्करमधले अल्कोहोल तिला विरघळवते.

एका कागदाचा बेत इथे संपला. मार्करचे तुकडे घ वर.

दिवस ५

पाणी. प्रत्येक नमुन्यावर एक थेंब टाकून ६० पर्यंत मोजले. ग वर दहाच्या आत डाग काळवंडला. क आणि ख वर साठाला थेंब अजून फुगीर, पण टिपल्यावर खाली मऊ डाग. च वर टिपल्यावर खूण जवळजवळ नाही.

तरीही काटकसर म्हणून एक शीट क वर जलरंग करून पाहिला, ३०० जीएसएम आहे तर पाणी सोसेल या आशेवर. चार तुकडे कापले, चारही फुकट. पहिला हात ठीक, दुसरा ठीक, तिसऱ्याला ब्रशखाली कागदाचे तंतू सुटून बारीक गोळ्या झाल्या आणि रंग त्यांत अडकला. जीएसएम सांगतो फक्त कागदाचे वजन. पाणी सोसणे खळीवर आणि तंतूंवर ठरते, आणि ते आकड्यात कुठेच नाही.

कोल्ड प्रेस जलरंगाचा एक जादा नमुनाही मारून पाहिला. दाणेदार पोतामुळे ठशाची रेघ खळग्यांत पोचत नाही. स्टॅम्प प्लॅटफॉर्मवर (ठसा पुन्हा त्याच जागी पाडणारी चौकट) त्याच जागी तीनदा मारल्यावर कशीबशी भरली. हॉट प्रेस च ला दोन वेळा पुरतात. जलरंगाखाली व्हर्साफाइनसारखी पाण्याला न हलणारी पिगमेंट शाई, आणि तिलाही वाळायला वेळ.

कडा सपाट राहाव्यात म्हणून च चे शीट मास्किंग टेपने फळीवर ताणले होते. टेप सरळ वर ओढली, सोबत कागदाचा पापुद्रा आला, एक अख्खे शीट गेले. पुढच्या वेळी टेप आधी कपड्यावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारला, आणि काढताना कागदालगत मागे दुमडून, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, हळू ओढली. रंग ओला असताना टेप काढू नये.

रंगीत पेन्सिलला याच्या उलट हवे. घ वर दुसऱ्या थरानंतर पेन्सिल घसरू लागते, मेण धरायला पोतच नाही. च वर पांढरे दाणे उरतात. ख वर, तेही खरखरीत बाजूला, चार थर नीट बसले. परवा जी बाजू ठशाला वाईट ठरली तीच इथे कामाची. बारीक रेघांचा ठसा असल्याने पांढरे ठिपके पडले नाहीत, भरीव ठसा असता तर हे जमले नसते.

दिवस ७

सगळ्यात महाग दिवस.

पायांसाठी क ची ६ शीट मधोमध कापली, प्रत्येक तुकडा २१० × १४८.५ मिमी. १०५ वर रेघ पाडून घड्या घातल्या. बाराच्या बारा घड्या तडकल्या. वरचा थर फाटून कडेला पांढरी लव निघाली, घडी वेडीवाकडी.

पहिला संशय रेघ पाडण्यावर गेला, आणि तिथे खरेच चूक होती. खोबण आत घेऊन घडी घातली होती. बोन फोल्डरने (घडीची रेघ पाडायची बोथट पट्टी) दाबल्यावर एका बाजूला खोबण पडते, दुसऱ्या बाजूला उंचवटा. उंचवटा घडीच्या आत जायला हवा, खोबण बाहेर. अंगवळणी पडेपर्यंत हात उलटेच करतो. शिवाय टोक फार बारीक होते, कागद दाबण्याऐवजी कापत होते. रुंद टोक घेतले, एका जोरकस रेघेऐवजी तीन हलक्या रेघा. तेराव्या तुकड्याची घडी बरी आली, तरी खरखरीतच.

मुख्य कारण ग्रेन. कागद बनताना तंतू एका दिशेने झोपतात. घडी तंतूंना समांतर असेल तर ते बाजूला सरकतात, आडवी असेल तर मोडतात. बहुतेक ए४ मध्ये ग्रेन लांब बाजूला असतो, आणि मग वरची कापणी बरोबर ठरते, कारण १४८.५ ची घडी मूळच्या २९७ ला समांतर येते. क मध्ये ग्रेन आडवा निघाला, २१० च्या बाजूने.

ओळखायच्या तीन रीती करून पाहिल्या. शीट न मोडता दोन्ही दिशांनी वाकवायचे, जिकडे सहज वाकेल तिकडची घडी ग्रेनला समांतर. जाड कागदात हा फरक हाताला स्पष्ट लागतो, पातळ कागदात फसायला होते. दुसरी: २ × २० सेमीच्या दोन पट्ट्या, एक उभी कापलेली, एक आडवी, एकत्र टोकाला धरायच्या. जी जास्त लोंबते तिच्यात ग्रेन आडवा. तिसरी सगळ्यात खात्रीची: ५ सेमीचा चौकोन एका बाजूने ओला करायचा. तो नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ग्रेनच्या दिशेत असते. इथे पहिल्या दिवशीचे बाण कामी आले.

कागद बदलला नाही, कापणी बदलली. शीट उभे चिरून १०५ × २९७ चे दोन तुकडे, आणि घडी १४८.५ वर. आता १०५ ची घडी ग्रेनला समांतर. कार्ड पुस्तकासारखे बाजूला उघडण्याऐवजी वर उघडते, एवढाच फरक. घड्या पहिल्याच फटक्यात सरळ. दुपारी २० शीट उरकली.

दिवस ८

तयार पाये आणि तुकडे पहिल्यांदा एकत्र मांडले. रात्री एलईडीखाली सगळे पांढरेच दिसत होते. सकाळी खिडकीत पाहिले तर च चे तुकडे क च्या पायावर मळके, जणू जुने.

क मध्ये ऑप्टिकल ब्राइटनर आहे. तो अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड परत देतो, म्हणून उन्हात कागद लख्ख दिसतो. साध्या एलईडी दिव्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रात्री फरक लपला. अतिनील टॉर्च मारली तर क आणि ख निळे पेटले, घ थोडा कमी, च नुसता जांभळट मंद. च चा रंग खराब नाही, तो उबदार पांढरा आहे आणि एकटा ठेवला तर सुंदर दिसतो. दोन पांढरे कडेला कड लावून बसले की मात्र कमी लख्ख तो हरतो. तसेच कातडीचे रंग निळसर पांढऱ्यावर थंड पडतात, हेही मार्करच्या तुकड्यांवर जाणवले. तिथे पहिला थर एक छटा उबदार घेतला.

च चा पाया करायचा विचार झाला, पण जलरंगाचा ३०० कागद घडीला महाग आणि मऊ. त्याऐवजी पाया आणि तुकडा यांच्या मध्ये १२० जीएसएम रंगीत कागद, ९९ × १४२ मिमी. तुकड्याभोवती २ मिमी रंगीत किनार दिसते आणि दोन पांढरे एकमेकांना शिवत नाहीत. १२ कार्डांना ३ शीट लागली. ख आणि क एकाच छटेचे असल्याने पेन्सिलच्या कार्डांना किनार नको.

हे पहिल्या दिवशी पाच मिनिटांत होण्यासारखे होते. नमुने दिवसाच्या उजेडात एकावर एक ठेवायचे, बस.

दिवस ९

डायने (यंत्रात दाबून आकार कापणारा धातूचा साचा, शाईतल्या डायशी संबंध नाही) छोटी पाने कापली. क मधून बारीक कोपरे सुटत नाहीत, यंत्रातून दोनदा काढावे लागते आणि प्लेट वाकू लागल्या. ग मधून एकदाच, सफाईदार. मध्ये मेणकागद ठेवला की नक्षीत अडकलेले तुकडे सुटतात. शाईला बाद ठरलेला ग या कामाला उत्तम.

मार्करचे रंगवलेले तुकडे ओलसर असतानाच एकावर एक रचले, खालच्या तीन चित्रांवर वरच्यांच्या पाठीचा रंग उतरला. चौथ्या दिवसाचा एक धरून घ चे एक शीट गेले.

दिवस ११

चिकटवणे. पांढरा गोंद पेन्सिलच्या चार तुकड्यांना पूर्ण पाठीवर लावला, तासाभरात २१६ जीएसएमचा ख लाटांसारखा उठला. ते चारही पुन्हा रंगवले. गोंदातले पाणी एकाच बाजूने जाते आणि कागद त्या बाजूने फुगतो. दुहेरी टेपवर आलो: चारही कडांना, कोपऱ्यात फट न ठेवता, आणि मध्ये एक तिरपी पट्टी.

जलरंगाचे तुकडे मुळातच किंचित वाकलेले होते, टेप कोपऱ्यातून सुटत होती. पाठीवर पाण्याचा अगदी हलका फवारा, दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर जड पुस्तके, रात्रभर. सकाळी सपाट. पिगमेंट शाई आणि रंग पूर्ण वाळलेले असतील तरच हे करावे.

दिवस १२

४० कार्डे पूर्ण. कागदाचा हिशेब, चाचण्या धरून: क २९ शीट, ख ६, घ ६, च ५. एकूण ४६, बेत ३० चा होता. त्यात निव्वळ वाया ११: तडकलेल्या घड्यांची ६, जलरंगाच्या काटकसरीचे १, पापुद्रा निघालेले १, शाईच्या घाईत आणि ओले रचण्यात १, लाटा आलेले १, आणि क चे एक रेघ पाडण्याच्या प्रयोगात. बाकी ५ चाचण्यांची, ती वाया म्हणता येत नाहीत. वेळ तीन दिवसांचा धरला होता.

एकच कागद घ्यायचा असता तर ख घेतला असता. मार्कर चालतो, पेन्सिल छान, डायला कापतो, आणि पाया थोडा मऊ झाला तरी उभा राहतो. फक्त पाणी त्याच्यावर नको.

उरलेली शीट मूळ पाकिटात, आडवी, वर सपाट फळी. उभी ठेवलेली क ची चार शीट दोन दिवसांत धनुष्यासारखी वाकली होती. प्रत्येक पाकिटावर लिहून ठेवले: वजन करून आलेला जीएसएम, ग्रेनचा बाण, ठशाची बाजू, पेन्सिलची बाजू. शिवाय त्याच कागदाचा एक तुकडा आत, त्यावर मार्करचा चौकोन, पाण्याचा थेंब आणि शाईची रेघ. ख चे नवे पाकीट आज उघडले, जुन्या तुकड्याशेजारी धरले. गुळगुळीत बाजू या वेळी पाकिटात खाली निघाली.